बुचं बांधलेला कॅमेरा

दामू तांडेलाने कॅमेरा घेतला तो बोलावं लागू नये म्हणून.

आमच्या दातिवऱ्यातला हा नाखवा शब्दांच्या बाबतीत भलता चिक्कू. मासळी कशी लागली, पोरीचं लग्न कसं झालं, काहीही विचारा, उत्तर एकच : "हाय तसं हाय." दर चैत्रात तो कार्ल्याच्या एकवीरा आईला पायी जायचा. पूर्वी बायको हिराबायही बरोबर असे, पण तिचे गुडघे गेले आणि ती घरी राहू लागली. दामू परतला की ती अधीरपणे विचारी, "आई कशी दिसली? वाटेत काय काय बघितलं?"

"हाय तसं हाय."

मग ती आठवडाभर अबोला धरी. अबोल्याने या माणसाला शिक्षा होईल असं तिला का वाटे, कोण जाणे. एका वर्षी मात्र ती रडली. दामू हादरला आणि शेजारी म्हणून माझ्याकडे आला. "मास्तर, फोटो दावला की सांगायला नको ना?"

तारापूरला अणुवीजघराचं काम निघाल्यापासून बोईसरच्या बाजारात काय वाटेल ते मिळू लागलं होतं. दुकानदाराने तीन कॅमेरे मांडले. दामू एकेक गळ्यात अडकवून स्टेशनपर्यंत चालून आला, दुकानदार मागे धावतोय. "चाचा, पहले फोटो तो खींचके देखो!"

"मान काचते का ते बघतो," दामू म्हणाला. सगळ्यात हलका डबा कॅमेरा त्याने निवडला आणि घरी येऊन त्याला जाळ्याची बुचं बांधली. पडलं तर वर यायला हवं, हा दर्याचा कायदा. त्या वर्षी मीही बरोबर होतो, आणि आम्ही निघालो होतो बोरघाट चढायला.

"तांडेल, घाटात कुठली भरती?" वाटेत जो तो विचारी. बायका नथ घालून, पुरुष भांग पाडून फोटोसाठी उभे राहत, आणि हा पठ्ठ्या त्यांना बाजूला सारून एखाद्या विहिरीचा फोटो काढी. मी तर कपाळाला हात लावला.

परतताना विरारला गाडीतून उतरलो आणि वैतरणेची खाडी ओलांडायला होडीत बसलो. पलीकडे गावच्या काठावर हिराबाय दिसली. तिला दाखवायला दामूने उभं राहून कॅमेरा उंच धरला, आणि तो हातातून निसटून थेट खाडीत पडला.

कॅमेरा तरंगला. सगळ्या होडीने टाळ्या वाजवल्या, दामूही हसला. उचलला तेव्हा मात्र डब्यातून खारं पाणी गळत होतं. रोल गेला होता. दामूचा चेहरा पाहवेना.

घरी हिराबायने आम्हाला ओट्यावर बसवून चहा दिला. "दावा आता फोटो."

दामूने ओला डबा मांडीवर फिरवला, माझ्याकडे पाहिलं. मी चहात डोकं घातलं. मग घसा खाकरून तो म्हणाला, "पयला त्या हिरीचा. तुजी चप्पल पडलेली ना, तीच हीर. रहाट नवा बसवलाय."

मग तो थांबेचना. जिच्याखाली ती दमून बसली होती ती चिंच, ती भांडली होती तो चहावाला, आईच्या पायऱ्या. दहा रोलांत मावले नसते एवढे फोटो त्याने सांगितले. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

हिराबाय पदराने एकेक बूच पुसत ऐकत होती. तो थांबला तेव्हा म्हणाली, "पुढल्या वर्सालाबी रोल भिजवा."