थांबण्याच्या वेळेची अधिकृत व्याख्या

सुव्यवस्थित कार्यालयात प्रत्येक गोष्टीचा अर्थ लिहून ठेवलेला असतो. आमचं कार्यालय जरा जास्तच सुव्यवस्थित आहे. आमच्याकडे तो दोनदा लिहिलाय.

दवाखान्यात आपला नंबर यायला किती वेळ लागेल, ते सांगणारा प्रोग्राम आम्ही करतो. त्यातल्या 'वेळ' या प्रकाराची व्याख्या एका विभागाच्या हेडर फाइलमध्ये 'पूर्णांक, सेकंदांत' अशी आहे, दुसऱ्या विभागाच्या फाइलमध्ये 'दशांश, मिनिटांत'. (हेडर फाइल म्हणजे व्याख्यांची वही. बाकीचा प्रोग्राम तिला विचारून चालतो.) दोन्हींच्या माथ्यावर सूचना आहे: हात लावू नये.

मंगळवारी चार वाजता मी दोन्ही फायली एकत्र आणल्या आणि कंपायलर (आमचं लिखाण तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) अडून बसला. 'व्याख्या परस्परविरोधी आहेत,' असं त्याने ओळ क्रमांकांसह कळवलं. आमच्याकडे इतकं तोंडावर बोलणारा तो एकटाच. प्रोग्राम आजच द्यायचा होता, आणि माझ्या दोन वर्षांच्या लेकीचं पाळणाघर सहाला बंद होतं.

"आमची फाइल अकरा वर्षं जुनी आहे," सेकंदवाले साहेब म्हणाले. "कुणाची तक्रार नाही."

"तक्रार करायला माणूस आधी आत तर पोचला पाहिजे," मिनिटवाल्या मॅडम म्हणाल्या.

"एका व्याख्येचं नाव बदलू या?" मी विचारलं.

दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. "नवीन आहेस का गं?"

बैठक भरली. हजर चौदा, बोलले अकरा. (प्रश्न समजलेले तिघं गप्प होते.) दोन्ही फायलींना सन्मानाने सामावून घेणारी तिसरी फाइल करायचं ठरलं. चुका एकावरून एक्केचाळीसवर गेल्या. इतिवृत्तात 'प्रगती' अशी नोंद झाली.

पावणेसहाला मी पाळणाघराच्या ताईंना फोन केला. "पाच मिनिटांत निघते."

शेवटी साहेबांनी तोडगा काढला: दोन्ही फायलींना ओळखखूण एकच द्यायची. कंपायलर पहिली वाचतो, दुसरी वाचून झालीच आहे असं समजून सोडून देतो. तो गप्प झाला. टाळ्या पडल्या. पहिली फाइल सेकंदांची असल्याने पाच मिनिटांची वाट पडद्यावर पाच सेकंदांची दिसू लागली. सेवेत इतकी सुधारणा आम्ही आजवर केली नव्हती.

पाळणाघरात पोचले तेव्हा पावणेसात झाले होते. लेक उलट्या चपला घालून, पिशवी पोटाशी धरून, उंबऱ्यावर बसल्या बसल्या झोपली होती.

"पाच मिनिटं म्हणालात ना?" ताईंनी विचारलं.

तुम्ही हसू नका. हे वाचायला बसताना तुम्हीही कुणाला तरी 'आलोच' म्हणालाय. ते माणूस अजून तुमची व्याख्या खरी धरून बसलंय.