स्मरणार्थ शैलीतलं प्रार्थनामंदिर

उत्तर न दिलेलं पत्र हे उत्तर दिलेल्या पत्रापेक्षा नेहमीच जास्त जपून ठेवलं जातं. पिंपळटेकच्या रावजी मास्तरांनी असं एक पत्र बायबलात, स्तोत्रसंहितेच्या पानांमध्ये, तेरा वर्षं जपलं होतं.

पत्र जून १९९३ मध्ये नाशिकच्या एका वारसा समितीकडून आलं होतं. गावातल्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिराचा इतिहास आणि वास्तुशैली यांची माहिती सोबतच्या नमुन्यात, दोन प्रतींत, तीस दिवसांच्या आत पाठवावी. माहिती मिळताच वास्तू यादीत घेण्यात येईल आणि त्यानंतर परवानगीशिवाय तिचा एक दगडही कोणास हलवता येणार नाही. पत्र मंडळीच्या, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती समाजाच्या, चिटणीसाच्या नावे होतं. मास्तर एकोणीस वर्षं बिनविरोध चिटणीस होते, कारण त्यांचं अक्षर चांगलं होतं. (विरोध करायला कोणाचं तरी अक्षर त्याहून चांगलं असावं लागतं.)

मास्तरांचा त्या इमारतीवर जीव होता. काळ्या दगडाच्या भिंती, चुन्याचे सांधे, टोकदार कमानी, सागवानी तुळया, वर मंगलोरी कौलं. आत मूर्ती नाही, चित्र नाही, नक्षी नाही. पूर्वेच्या अरुंद खिडकीतून रविवारच्या उपासनेला उजेडाची एक पट्टी आत यायची आणि बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसलेल्या सिंधुबाईंच्या, म्हणजे मास्तरांच्या पत्नीच्या, मांडीवर येऊन थांबायची. हे सगळं यादीत जावं, असं मास्तरांना फार वाटत होतं. अडचण पहिल्याच प्रश्नाची होती: बांधकामाचे वर्ष.

दारावरचा दगड १८७६ सांगत होता. तुळईवर १८७४ कोरलेलं होतं. घंटेवर १८६१ होतं, पण घंटा मंदिराच्या आधी जन्मू शकते. बाप्तिस्म्याची वही १८६९ पासून होती, तीही नवव्या पानापासून. (पहिली आठ पानं वाळवीने वाचली आहेत.)

"अहो, टाका ना एखादं साल," सिंधुबाई म्हणाल्या. "नाशिकहून कोन येतंय दगडाला इचारायला?"

"खोटं लिहू? तेही देवाच्या घराबद्दल?"

"मग लिहा, ठाऊक नाय."

"चिटणीसालाच ठाऊक नाही, असं लिहू?"

सिंधुबाईंनी पीठ मळायला घेतलं. तीस दिवस उलटले.

मंडळी मात्र स्वस्थ बसली नव्हती. तिच्यात एक फार चांगली चाल आहे. घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत त्याच्या नावाने मंदिराला काहीतरी नवं द्यायचं. नव्याला जागा हवी म्हणून जुनं काढायचं, हे ओघानेच आलं. १९९५ मध्ये मुख्य पंच झुंबर यांनी वडिलांच्या स्मरणार्थ दगडी फरशी उखडून चकचकीत टाइल्स बसवल्या.

"जुनी फरशी चांगली होती," मास्तर हळूच म्हणाले.

"मास्तर, बाप गेलाय माझा," झुंबर म्हणाले. "अन् तुम्ही फरशीचं सुतक धरताय?"

पुढे भिमाबाईंच्या सासूच्या स्मरणार्थ कमानींना गुलाबी ऑइलपेंट लागला. कोणाच्या तरी चुलत्याच्या स्मरणार्थ कौलं उतरून पत्रा चढला. सन २००० अखेरची स्थिती अशी: पंखे अकरा, नाव लिहिलेले पंखे अकरा, फिरणारे चार. (फिरत्या पंख्यावरचं नाव वाचता येत नाही, त्यामुळे उरलेल्या सात कुटुंबांची काही तक्रार नव्हती.)

नमुन्यात 'वास्तुशैली'पुढे मास्तरांनी पेन्सिलीने 'गॉथिक' लिहिलं होतं. ते खोडून त्यांनी 'स्मरणार्थ' लिहिलं. तेही पेन्सिलीनेच.

२००४ मध्ये सिंधुबाई गेल्या.

वर्ष भरत आलं तसे झुंबर घरी आले.

"मास्तर, वहिनींच्या नावानं काय देताय?"

"विचार करतोय."

"तुम्ही इचारच करा. लोक म्हनतील, एवढं शिकलेलं मानूस, बायकोच्या नावानं साधं घड्याळ नाय दिलं."

मंदिरात अजून कोणाच्या नावावर न गेलेली अशी पूर्वेची खिडकी होती. तिचं लाकूड फुगलं होतं. पावसाळ्यात सिंधुबाईंच्या खांद्यावर थेंब पडायचे आणि 'जरा बघा की तेवढं' असं त्या तीस वर्षं म्हणत आल्या होत्या. मास्तरांनी एकदाचं बघितलं. विंचूरहून त्यांनी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आणली. ती कमानीपेक्षा रुंद निघाली, म्हणून गवंड्याने कमानीच्या माथ्याचा मधला दगड काढला. खिडकी झकास बसली. खाली पाटी लागली: 'सिंधुबाई यांच्या स्मरणार्थ.'

कमानीनेही तीन आठवडे विचार केला. चौथ्या रविवारी, उपदेश चालू असताना, खिडकीपासून छतापर्यंत भेग गेली. इंजिनियर आला आणि इमारत धोकादायक आहे असं लिहून गेला. १२ मे २००६ रोजी जेसीबीने साडेतीन तासांत काम उरकलं. सिंधुबाईंची खिडकी तेवढी मास्तरांना घरी नेऊ दिली.

नव्या मंदिराच्या कोनशिलेवर सर्वानुमते ओळ ठरली: 'जुन्या मंदिराच्या स्मरणार्थ.'

"मास्तर, जुन्याचं साल सांगा," झुंबर म्हणाले. "कोरणारा थांबलाय."

"नक्की नाही सांगता येत."

"मग राहू द्या. गेलेल्याचं वय कोन इचारतंय?"

त्या दुपारी मास्तरांनी नमुना काढला. तेरा वर्षं अडलेलं काम अर्ध्या तासात झालं, आणि शाईने झालं.

बांधकामाचे वर्ष: ठाऊक नाही.
वास्तुशैली: स्मरणार्थ.
सद्यस्थिती: दि. १२ मे २००६ रोजी पाडले. तारीख खात्रीची आहे, मी हजर होतो.
पडझडीचे कारण: पूर्वेची खिडकी. देणगीदार: खाली सही करणार.

सही सुंदर आली. पाकीट त्यांनी विंचूरला जाऊन पेटीत टाकलं आणि ते आत पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभे राहिले.

दुसरी प्रत त्यांच्याकडे कोरीच आहे. आपल्या गावात जुनं काही अजून उभं असेल, तर वाचकांनी ती जरूर मागवून घ्यावी. मात्र साल नक्की ठाऊक झाल्याशिवाय भरू नये.