काजळ्याची खाज आणि दरबारी इलाज

बाळांनो, मांडी घालून बसा आणि गोष्ट संपेपर्यंत कुणी अंग खाजवू नका. गोष्ट खाजेचीच आहे.

एका जंगलात, जिथे सगळं अगदी नियमाने चालायचं, काजळ्या नावाचा कुत्रा राहत होता. सिंहमहाराजांच्या गुहेबाहेर राखण करायची, हे त्याचं काम. परका वास आला की तो भुंकायचा. नाही आला की गप्प पडून राहायचा. सात वर्षांत गुहेतलं एक हाडूकही चोरीला गेलं नव्हतं.

मग दरबारात एक कोल्हा चिटणीस म्हणून आला. चिटणीस म्हणजे कोण, माहीत आहे ना? जो इतरांनी किती काम केलं ते विचारतो आणि त्यातच थकून जातो, तो.

पहिल्याच सकाळी त्याने आढावा घेतला. "काल किती वेळा भुंकलास?"

"एकदाही नाही, साहेब. कुणी आलंच नाही."

"म्हणजे काल तू काहीच केलं नाहीस."

काजळ्याला हे पटलं नाही. पण त्या दिवशी झाडाचं पान पडलं तरी तो भुंकला. दुसऱ्या सकाळी कोल्हा म्हणाला, "महाराजांची दुपारची झोप मोडली. इतकं कुणी भुंकतं का?"

"मग किती भुंकू, साहेब?"

"ते तुझं तुला कळायला हवं."

तेव्हापासून कोल्ह्याची पावलं वाजली की काजळ्याला जांभया येऊ लागल्या. तो उगाच ओठ चाटायचा. मग पुढचा उजवा पाय चाटायचा. चाटता चाटता कुरतडायचा. मग मानेला खाज, पोटाला खाज. महिन्याभरात पायावरचे केस गेले आणि खाली लालभडक जखम दिसू लागली.

महाराज फार दयाळू होते. त्यांना खाजवण्याचा आवाज सहन होईना. त्यांनी अस्वलवैद्यांना बोलावलं.

वैद्यांनी दोन माकडं लावून काजळ्याचा केस अन् केस तपासून घेतला. एक पिसू नाही, गोचीड नाही, खरूज नाही.

"खाजेचं कारण सापडत नाही," वैद्य गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे खाज नाही. हा उगाच खाजवतो."

नसलेल्या खाजेवर त्यांनी दिवसातून तीनदा कडुनिंबाच्या पाण्याची आंघोळ सांगितली. पाय चाटू नये म्हणून गळ्यात पळसाच्या पानांचा मोठा द्रोण बांधला. त्या द्रोणातून काजळ्याला फक्त समोरचं दिसायचं. बाजूने कुणी आलं की तो दचकायचा. कोल्ह्याने हुकूम काढला की कुत्रा खाजवताना दिसला तर त्याला जागच्या जागी दरडावावं. सगळे मन लावून दरडावू लागले. दरडावलं की त्याला जास्त खाज सुटायची. खाजवलं की पुन्हा दरडावणं. एवढ्या शिस्तीने चाललेलं काम त्या दरबारात दुसरं नव्हतं.

एका दुपारी काजळ्या नदीवर पाणी प्यायला गेला. तिथे गोदाक्का राहायची. परटाची गाठोडी वाहून म्हातारी झालेली गाढवीण. परटाच्या दारात तिने चार कुत्री वाढताना पाहिली होती. तिने त्याचा पाय बघितला आणि विचारलं, "खाज कधी सुटते रे?"

हे आजवर त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"सकाळी. आढाव्याच्या आधी."

"आणि आत्ता?"

काजळ्या विचारात पडला. "आत्ता आठवणच नव्हती, आक्का."

"वैद्यांनी पिसवा शोधल्या ते बरंच केलं. आधी तेच बघायचं असतं. पण त्या नाहीत म्हटल्यावर पुढेही बघायचं असतं." तिने त्याला थंड पाण्यात पाय बुडवायला लावला. "वेळेवर जेव. रोज लांबवर फिरून ये. पडायला एक शांत कोपरा धर. तोंड पायाकडे गेलं की हाडूक चघळ. आणि तो आढावा बंद व्हायला हवा."

"ते माझ्या हातात नाही."

"मग ज्यांच्या हातात आहे त्यांना सांग."

काजळ्याने शेपटी पोटाशी घेऊन महाराजांना सांगितलं, की आढाव्याच्या ताणाने खाज सुटते. महाराज चकित झाले. "ताण? आमच्या राज्यात?"

"मी बघतो, महाराज," कोल्हा म्हणाला.

त्याने काजळ्याला रोज तासभर वडाखाली शांत बसण्याची सक्ती केली. दर थोड्या वेळाने तो स्वतः येऊन विचारायचा, "किती शांत झालास? कालच्यापेक्षा जास्त की कमी?" तिसऱ्या दिवशी काजळ्याने गळ्यातला द्रोण फाडला आणि रक्त येईपर्यंत पाय चावला.

चौथ्या दिवशी तो महाराजांसमोर उभा राहिला. "महाराज, मी नदीकाठी राहायला जातो. राखण आता जमणार नाही."

सात वर्षं जिथे झोपला होता ती जागा त्याने एकदा हुंगली आणि तो लंगडत निघून गेला.

नदीकाठीही तो लगेच बरा झाला नाही. पहिले कितीतरी दिवस कुणाचं पाऊल वाजलं की तो पाय तोंडात धरायचा. गोदाक्का दरडावायची नाही. नुसती जवळ येऊन चरत राहायची. हळूहळू तो पाय सोडून हाडूक धरू लागला. जखम सुकली. दीड महिन्याने तिथे बारीक काळे केस उगवले.

ही बातमी दरबारात पोचली. कोल्हा म्हणाला, "आपल्या उपायांना यश आलं." अस्वलवैद्यांचा मधाचं पोळं देऊन सत्कार झाला.

राखणीची जागा रिकामी होती. पुन्हा खाजेची भानगड नको म्हणून कोल्ह्याने तिथे गेंडा नेमला. गेंड्याला भुंकता येत नव्हतं. दूरचं दिसत नव्हतं. पण आढाव्यात त्याला काहीही बोललं तरी तो शांतपणे गवत चघळायचा. तरसं भरदिवसा त्याच्या समोरून महाराजांची शिकार ओढून न्यायची.

महिनाअखेरीला कोल्ह्याने अहवाल वाचून दाखवला. "राखणदाराची एकूण खाज : शून्य."

उपाशी महाराजांनी समाधानाने मान हलवली.

तात्पर्य : कुत्रा खाजवू लागला तर कारण शोधत बसू नये. ते बहुधा दरबारातच बसलेलं असतं आणि सापडलं की त्याला मुजरा करावा लागतो. त्यापेक्षा जाड कातडीचा राखणदार नेमावा आणि उपाशी झोपावं.