राग या विषयात नापास

आमच्या आळीतले विसूतात्या दर वर्षी फाल्गुनी अमावास्येला स्वतःची परीक्षा घेत असत. धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून ते दुपारी बरोबर तीनला ओटीवर पाट मांडून बसत, समोर टाक-दौत ठेवत आणि शेजारच्या ओटीवरच्या मला हाक मारत, "रघुनाथा, परीक्षार्थी हजर आहे. ये." परीक्षक मी! मामलेदार कचेरीतला साधा कारकून, मिसरूड फुटलं तेव्हापासून या माणसाला घाबरत आलेला. पण तात्यांपुढे नाही म्हणायची सोय नव्हती.

"उद्या पाडवा," ते म्हणत. "नवं वर्ष लागायच्या आत माणसाला कळायला नको, आपण वरच्या इयत्तेत गेलो की आहोत तिथंच राहिलो? शाळेतल्या पोरांना आम्ही दर वर्षी तपासतो. आम्हाला कोण तपासणार?"

हे "आम्ही" म्हणजे विद्याखातं. आगगाडी ठाण्याला येऊन तेव्हा तीस वर्षं होत आली होती आणि गावोगाव सरकारी शाळा निघत होत्या. तात्या डेप्युटीसाहेबांचे कारकून. साहेब शाळा तपासायचे, तात्या मागे बसून प्रत्येक मुलाच्या नावापुढे पास-नापास आणि शेरा लिहायचे. पंचवीस वर्षं हेच केल्यामुळे शेरा लिहिल्याशिवाय त्यांना जगातली कुठलीच गोष्ट पुरी झाली असं वाटत नसे. बायको गेल्यापासून स्वयंपाक ते स्वतःच करत. आमटीचा पहिला भुरका मारून आपणच म्हणत, "साधारण. मीठ जास्त. मेहनत हवी." माझ्या लग्नात जेवून उठल्यावर मांडवात सगळ्यांदेखत त्यांनी शेरा दिला होता, "जिलबी उत्तम. वर बरा." माझे सासरे त्यानंतर कितीतरी दिवस चिंतेत होते.

तर परीक्षेचे विषय पाच. लोभ, आळस, निंदा, गर्व आणि राग. लोभात ते दर वर्षी पास. "लोभ करावा असं घरात आहे काय?" असं म्हणून पुढे सरकायचे. आळसात पास. निंदेत काठावर, कारण आळीत निंदा करण्याजोगी माणसं फार, हे मलाही मान्य होतं. गर्वात एकदा पास झाले आणि त्याचाच गर्व झाल्यामुळे निकाल फिरवावा लागला. आणि रागात सलग सात वर्षं नापास.

एका वर्षी तर अगदी हातातोंडाशी आलं होतं. वर्षभर त्यांचा आवाज चढला नव्हता, साक्षीला मी स्वतः होतो. मी आनंदानं निकालाचा कागद लिहायला घेतला आणि घाईत चालू शकाऐवजी उद्यापासून लागणारं शक घातलं. तात्या ताडकन उठले. "परीक्षकाला शक येत नाही! कचेरीत काय गवत उपटतोस?" त्यांचा आवाज मासुंदा तळ्यापर्यंत गेला असावा, कारण तिकडून दोघं-तिघं बघायला आले. मग खाली बसून त्यांनी माझ्या हातून टाक घेतला आणि स्वतःच्याच नावापुढे स्वतः लिहिलं, नापास.

दुसऱ्या एका वर्षी त्यांनी युक्ती काढली. सबंध फाल्गुन महिना कुणाशी बोललेच नाहीत. गवळ्याला बोटांनी खुणा, मला मानेनं हो-नाही. परीक्षेच्या दिवशी मी जरा भीतभीतच म्हटलं, "तात्या, बोलला नाहीत म्हणजे राग आलाच नाही असं कसं धरायचं?" त्यांनी टाक उचलला आणि शेरा घातला, "परीक्षार्थी गैरहजर. नापास."

आळीतले लोक या सगळ्याला हसत. मीही हसत होतो, पण इतरांना नसलेली एक माहिती मला होती. तात्यांनी प्रतिज्ञा केली होती, रागात पास झाल्याशिवाय गोदीच्या दारात पाऊल टाकायचं नाही.

गोदी त्यांची एकुलती एक मुलगी. हुशार होती. मुलीला शिकवतात म्हणून आळीनं नाकं मुरडली तरी तात्यांनी तिला घरी अक्षरं शिकवली. ती नऊ वर्षांची असताना एक दिवस जोडाक्षरापाशी अडली. पुन्हा अडली. तिसऱ्यांदा अडली तशी तात्यांनी तिच्या हातातली पाटी घेऊन अंगणातल्या दगडावर आपटली आणि ओरडले, "डोक्यात माती भरली आहे तुझ्या! आजपासून अक्षराला हात लावायचा नाही!" तेव्हा मी अंगणातच होतो. तुकडे गोळा करायला मीच तिला मदत केली.

तात्यांना वाटलं, दोन दिवसांनी पोर आपणहून येईल. पण ती गुणी मुलगी, तिनं बापाचं ऐकलं. पुन्हा कधी अक्षराला हात लावला नाही. आणि "मी चुकलो" हे दोन शब्द पंचवीस वर्षं शेरे लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडून निघेनात. अकराव्या वर्षी तिचं लग्न होऊन ती कल्याणला गेली. बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तात्या फिरती मागून घेऊन शहापूरकडे निघून गेले. तीन वर्षांपूर्वी तिची आई वारली, आणि मग तिचं ठाण्याला येणंच संपलं. कल्याण गाडीनं तासाभराच्या आत. तात्या दर पाडव्याला स्टेशनाच्या दिशेनं तोंड करून ओटीवर बसायचे आणि म्हणायचे, "पुढच्या वर्षी."

खरं सांगायचं तर माणूस कधीच बदलला होता. कोलशेतच्या शाळेत मी एकदा कचेरीच्या कामासाठी गेलो असताना नेमकी परीक्षा चालू होती. एक लहानशी मुलगी धडा वाचताना अडली आणि रडवेली झाली. डेप्युटीसाहेब पुस्तकात बघत होते. त्यांच्या मागे बसलेल्या तात्यांनी तिला दिसेल असं तोंड करून तो शब्द नुसत्या ओठांनी सांगितला. परत येताना मी म्हटलं, "तात्या, तुम्ही पास आहात हो." तर म्हणाले, "ते परक्याचं पोर. परक्याच्या पोरावर न रागावण्यात कसली आली मर्दुमकी? माझं आतडं जिथं गुंतलंय तिथंच माझा हात उठतो. गोदीच्या मुलीवर उठला तर मी काय करू?"

आठव्या परीक्षेच्या साली माघात मला कल्याणला जाणं झालं. पारनाक्याजवळ गोदीचं सासर. माहेरच्या आळीतला म्हणून ती मला दादा म्हणते. पाणी देऊन झाल्यावर तिनं विचारलं, "तात्या कसे आहेत?" मी सगळं सांगून टाकलं. परीक्षा, सात वर्षं, प्रतिज्ञा, सगळं. ती आधी हसली आणि मग पदर तोंडाला लावून उभी राहिली.

"रघूदादा, त्या पाटीचं मला आता काही वाटत नाही," ती म्हणाली. "येत नाहीत, त्याचं वाटतं. चिमी पाच वर्षांची झाली. आजोबा कसे असतात विचारते. मी काय दाखवू तिला?"

गाडीत बसल्या बसल्या मी ठरवलं, यंदा तात्यांना पास करायचंच. खोटं तर खोटं.

अमावास्येला मी राग या विषयापाशी आलो आणि न थांबता "पास" असं लिहिलं. तात्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "पास? पुरावा काय?"

"वर्षभर तुमचा आवाज ऐकला नाही मी."

"काल गवळ्यावर ओरडलो, तेव्हा तू ओटीवर दाढी करत होतास."

"मला नाही ऐकू आलं."

"खोटं!" टाक अंगणात गेला, दौत कलंडली. "परीक्षक खोटा शेरा लिहितो! लाज वाटत नाही? नापास कर मला! आत्ताच्या आत्ता नापास कर!"

आणि माझंच डोकं फिरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तात्यांवर ओरडलो. "केलं नापास! पण मला सांगा, नापास पोराला तुमचे साहेब शाळेतून हाकलून देतात काय? त्याच इयत्तेत बसवतात ना? शाळेत यायचं तर असतंच ना त्यानं? तुम्ही सात वर्षं शाळेतच जात नाही, तात्या! तिकडे गोदीला तुमच्या रागाचं काही नाही, तुम्ही येत नाही त्याचं दुःख आहे. तिनं सांगितलंय मला!"

तात्या उभेच होते. धोतरावर शाई सांडली होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. खाली बसत म्हणाले, "असं म्हणाली?"

"असं म्हणाली."

"नियम बरोबर आहे," ते पुटपुटले. "नापासानं शाळेत यायचंच असतं. हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही?"

पाडव्याला गुढी उभारून, कडुनिंबाची पानं चावून आम्ही सकाळच्या गाडीनं कल्याणला गेलो. तात्या वाटभर ओठ घट्ट मिटून बसले होते. स्टेशनाबाहेर टांगा केला; टांगेवाल्यानं दोनदा गल्ली चुकवली तरी तात्यांनी चकार शब्द काढला नाही. मी मनात म्हटलं, एक तर आज भडका उडणार, नाहीतर तात्या आज खरंच पास होणार.

गोदीच्या दाराशी टांगा वळताना चाक नेमकं उंबऱ्यापुढच्या मोठ्या रांगोळीवरून गेलं.

"अरे ए गाढवा!" तात्या चालत्या टांग्यातून खाली उतरले. "डोळे आहेत की भोकं? सणासुदीचा दिवस, पहाटे उठून पोरीनं एवढी रांगोळी काढली, आणि तू त्यावरून चाक घालतोस? उतर खाली! उतर म्हणतो ना!"

गल्लीतली सगळी दारं उघडली. गोदीच्या दारात परकरातली एक पोर येऊन उभी राहिली आणि आत वळून ओरडली, "आई, बाहेर कोण ओरडतंय गं?"

गोदी पुरणाच्या हातांनीच धावत आली. बापाकडे बघून क्षणभर दाराला धरून उभी राहिली. मग मुलीच्या डोक्यावर मनगट टेकवत म्हणाली, "ओरडत नाहीत गं बाई. तुझे आजोबा आलेत."

तात्यांचा हात अजून वरच होता. तो हळूहळू खाली आला.

"गोदे," ते म्हणाले. मी शेजारीच उभा होतो, मलासुद्धा जेमतेम ऐकू आलं. "यंदाही नापासच झालोय गं."

"असू दे, तात्या," गोदी म्हणाली. "आधी आत या."