लोटूनाना दारावर बसतात

यावलच्या लोटूनानांना तुम्ही ओळखत नसाल, तर एक सूचना देऊन ठेवतो. ते तुमच्या ओट्यावर येऊन बसले, तर आधी घरातली माणसं मोजून घ्या. कारण नाना बसले की अर्ध्या तासात गल्लीत बातमी फिरते की या घरात कोणीतरी गेलं, आणि तासाभरात लोक टोप्या घालून हजर होतात.

आमच्या खानदेशात माणूस वारला की नातेवाईक, ओळखीपाळखीचे 'दारावर' जातात. म्हणजे घरात शिरायचं नाही. बाहेर ओट्यावर किंवा अंगणात खाली बसायचं, डोकं झाकायचं, बोलायचं नाही. पुरेसं बसून झालं की उठायचं आणि 'येतो' न म्हणता निघायचं. लोटूनाना नेमकं हेच सगळं करतात. फरक एवढाच की ज्याच्यासाठी ते बसलेले असतात तो आत जिवंत असतो, आणि बरेचदा जेवत असतो.

मी एसटीतून निवृत्त झालेला माणूस. जळगाव स्टँडवर कंट्रोलर होतो. गाडी कुठून आली, कुठे चालली, का थांबली, हे कळल्याशिवाय मला आजही अन्न पचत नाही. निवृत्तीनंतर एका कॅन्सर संस्थेचं जिल्ह्याचं काम माझ्याकडे आलं. गरीब पेशंटला रेडिएशनचे शेक घ्यायला, केमोला नेण्याआणण्याचा खर्च संस्था करते, आणि त्यासाठी आमचे स्वयंसेवक गावोगाव देणग्या गोळा करतात. अशा शिस्तीच्या कामात लोटूनाना कसे आले, हे माझं मलाच नीट सांगता येत नाही.

एक दिवस ते ऑफिसात आले. सत्तरीचे, हडकुळे, गळ्यात उपरणं, हातात कापडी पिशवी. आयुष्यभर केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम होते, एवढं नंतर समजलं. त्यांनी पिशवीतून गोणपाटाचा चौकोनी तुकडा काढला, भिंतीशी अंथरला आणि बसले.

"काय काम होतं?" मी विचारलं.

"काही नही. तुमी चालू द्या."

"खुर्ची घ्या ना."

"खुर्चीवर मानूस उठायच्या तयारीत राह्यते," नाना म्हणाले आणि गप्प झाले. पाऊण तासाने उठले, गोणपाट घडी करून पिशवीत घातलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी मी त्यांना स्वयंसेवकाचं ओळखपत्र करून दिलं, कारण ऑफिसात रोज बसणारा माणूस कोण आहे हे निदान कागदावर तरी असावं.

मी त्यांना एक देणगीचा डबा दिला आणि पत्रकं दिली. पत्रकं त्यांनी परत आणली. डबा मात्र भरून आणला. मी विचारलं, नाना, लोकांना सांगितलंत तरी काय? तर म्हणे, "सांगाचं कायले? डबा दिसू राह्यला ना!" काहीही विचारलं तरी त्यांचं पालुपद ठरलेलं असे: "बसू तर द्या, भो!"

यावल तालुक्याचे डबे जिल्ह्यात सगळ्यात जास्त भरतात, हे बघून पुण्याहून आमच्या वरिष्ठ सायलीमॅडमचा फोन आला. मॅडम हुशार, मनाने चांगल्या. त्यांनी विचारलं, "त्या स्वयंसेवकांची पद्धत काय आहे?" मी म्हटलं, "बसतात." त्या म्हणाल्या, "हो, पण पद्धत?"

पद्धत समजून घ्यायला मी स्वतः एकदा नानांसोबत गेलो. यावलला सुपडूभाऊ नावाचे टेलर आहेत. तोंडाचा कॅन्सर. नुकतीच केमो होऊन घरी आले होते. नानांनी ओट्यावर गोणपाट अंथरलं, उपरणं डोक्यावर घेतलं, मान खाली घातली. मीही बाजूला बसलो. समोरून दूधवाला चालला होता. त्याने नानांना बघितलं, मला बघितलं, गाडी स्टँडवर लावली, चपला काढल्या आणि येऊन बसला. मग पिठाची गिरणी बंद करून गिरणीवाला आला. मग शाळेचे शिपाई. बायका पदर सावरत मागच्या दाराशी जमू लागल्या. वीसेक माणसं जमली तरी एक अक्षर कोणी बोलेना. सुपडूभाऊंच्या पाचोऱ्याच्या नातेवाइकांना फोनही गेला होता, हे मला मागाहून कळलं.

मी नानांच्या कानात म्हटलं, "नाना, काहीतरी सांगा यांना."

"बसू तर द्या," नाना म्हणाले.

एवढ्यात आतून स्वतः सुपडूभाऊ बाहेर आले. अंगात बनियन, झोपेतून उठलेले. दारात एवढी माणसं बघून चपापले. अगदी कडेला बसलेल्या शिपायाला त्यांनी हळूच विचारलं, "कोन गेलं?"

शिपायाने मान वर न करता सांगितलं, "आमी बी आताच आलो."

सुपडूभाऊ आत गेले, टोपी घालून आले, आणि रांगेत बसले.

चांगली दहा मिनिटं माणूस स्वतःच्या दारावर मान खाली घालून बसला होता. मग दूधवाल्याचं लक्ष गेलं आणि त्याने जी किंकाळी फोडली, ती आजही माझ्या कानात आहे. नंतर सगळे हसले. सुपडूभाऊंचं तोंड दुखत होतं, तरी तेही हसले. आता आलोच आहोत आणि माणूस जिवंतच आहे, तर बोलू या, म्हणून लोक बोलले. कोणी शिवायला टाकलेल्या शर्टाचं विचारलं. निघताना रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून प्रत्येकाने डब्यात काहीतरी टाकलं. पाचोऱ्याचे नातेवाईक रडत उतरले आणि भरीत-भाकरी खाऊन दोन दिवसांनी परत गेले.

पण सुपडूभाऊंचे थोरले भाऊ भडकले. "जित्या मानसाच्या दारावर बसवता का?" अशी त्यांनी थेट पुण्याला तक्रार केली. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. आता एकाच माणसाच्या नावाने माझ्याकडे दोन पत्रं आली. एका पत्रात जळगावच्या निधीसंकलन नेतृत्व परिषदेत लोटूनानांचा 'प्रेरणादायी स्वयंसेवक' म्हणून सत्कार करायचं ठरलं होतं. दुसऱ्या पत्रात लिहिलं होतं की यापुढे फक्त ठरलेल्या पद्धतीनेच भेटी देईन, असा फॉर्म त्यांच्याकडून परिषदेतच भरून घ्यावा. नाहीतर ओळखपत्र जमा करून त्यांचं काम थांबवावं. दोन्हींवर सायलीमॅडमचीच सही होती. नाना राहणार की जाणार हे त्या दिवशी ठरणार होतं. मी दोन्ही पत्रं नानांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "जेवन हाये ना तठी?"

परिषद एका एसी हॉलमध्ये होती. जळगाव, धुळे दोन्ही जिल्ह्यांचे स्वयंसेवक आले होते. पडद्यावर 'तीस सेकंदांत मन जिंका' असं लिहिलेलं. सायलीमॅडमने फार छान समजावलं: हसत नमस्कार, आपली ओळख, पेशंटची एक छोटी गोष्ट, हातात पत्रक, तीन मिनिटांत बाहेर. सगळे लिहून घेत होते. नाना भिंतीशी गोणपाटावर बसले होते.

मग प्रात्यक्षिक. मॅडम म्हणाल्या, नाना स्वयंसेवक, आणि मी, म्हणजे हा कंट्रोलर, देणगीदार. मला स्टेजवर खुर्ची दिली. नाना आले आणि माझ्या खुर्चीपाशी खाली बसले. तीस सेकंद झाले. एक मिनिट झालं. नाना गप्प. हॉल गप्प.

"नाना, चहा घेणार?" मी म्हटलं. आता प्रात्यक्षिकात चहा कुठून आणणार होतो, देव जाणे.

"नको."

पुन्हा शांतता. मी म्हटलं, गुडघा दुखतो हल्ली. नानांनी मान हलवली. मी म्हटलं, मुलगा हैदराबादला असतो. नानांनी पुन्हा मान हलवली. मी म्हटलं, फोन करतो तो, नाही असं नाही, पण बोलायला लागलो की त्याला मीटिंग असते. हे मी कोणाला का सांगत होतो, मला कळेना. माझा आवाज जरा चमत्कारिक झाला म्हणून मी खिशात हात घालून जी नोट हाताला लागली ती डब्यात टाकली आणि खाली उतरलो.

टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कोणालाच समजेना. मॅडमने फळ्यावर एक शब्द लिहिला, बघितला आणि पुसला. धुळ्याच्या मंगलाअक्का डोळे पुसत शेजारणीला म्हणाल्या, "मना ध्यानमा काही ऊनं नही, पन रडू ऊनं." म्हणजे कळलं काही नाही, पण रडू आलं. त्याच प्रेरणेच्या भरात जेवणाच्या सुट्टीत धुळ्याची सात माणसं जवळच्या एका कापड दुकानासमोर रुमाल डोक्यावर घेऊन बसली. दुकानदाराने बाजारात कोणी मोठा माणूस गेला असं समजून शटर खाली ओढलं. शेजारच्या चार दुकानांनीही ओढलं. देणगी अर्थातच मिळाली नाही.

दुपारी मॅडमने नानांना आणि मला बाजूच्या खोलीत बोलावलं. टेबलावर शाल, श्रीफळ आणि फॉर्म.

"नाना, यावर सही करा. घरात गेल्यावर आधी ओळख सांगायची. तीन मिनिटांत निघायचं. असं दारावर बसायचं नाही. लोक घाबरतात हो."

नानांनी सही केली. मला हायसं वाटलं.

"सही केली," नाना म्हणाले. "पन बसनं सुटाचं नही."

"मग सही का केलीत?"

"तुमी म्हनल्या म्हनून."

मॅडमने कपाळाला हात लावला. मग खुर्ची सोडून त्या टेबलाच्या अलीकडे आल्या आणि अगदी वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "नाना, का बसता तुम्ही असे?"

नानांनी पिशवीतून गोणपाट काढलं, खाली अंथरलं आणि बसले.

"आमची रुक्माई आठ महिने बाजीवर व्हती," ते म्हणाले. "पोटाचा कॅन्सर. कोनी म्हने, लागन व्हते. कोनी म्हने, जाऊन बोलाचं काय? आठ महिन्यात दारी कोनी आलं नही. ती गेली अन् दुसऱ्या दिवशी दारावर मानूस मावेना. टेम्पो भरभरून आले. सारे चांगले लोक, मॅडम. रडले. मी तठी बसलो अन् मले वाटे, हे कालच्या दिवशी आले असते तर तिले दिसले असते."

मॅडमने फॉर्म ओढून घेतला. 'शेरा' असं छापलेल्या रकान्यात त्यांनी 'बसू द्यावे' एवढं लिहिलं, खाली सही केली आणि माझ्या हातात दिला. आज तो फॉर्म माझ्या फायलीत आहे. त्याचा अर्थ काय लावायचा, हे पुढचा कंट्रोलर बघेल.

संध्याकाळी यावलच्या गाडीत बसवायला मी नानांबरोबर स्टँडवर गेलो. गाडी लागली नव्हती. नानांनी फलाटावर गोणपाट अंथरलं आणि अर्धं माझ्यासाठी मोकळं सोडलं. तीस वर्षं त्या फलाटावर उभा राहिलो, बसलो पहिल्यांदाच.

"रुक्माई इचारे," नाना आपणहून म्हणाले, "'आज कोन आलं व्हतं?' रोज इचारे. मी काय सांगू? मी ती झोपली का चहा कराचो. दोन कप भराचो अन् दोन्ही मीच प्याचो. उष्टे कप तिच्या बाजीखाली ठेवून द्याचो. उठली का दाखवाचो. म्हनाचो, आज सोपानदादा येऊन गेला, तू झोपेल व्हती म्हनून उठवलं नही. कधी गिरनीवाला. कधी तिच्या माहेरचं कोनी. तिले बरं वाटे."

"रोज?"

"रोज. मले चहा सोसत नही, तरी प्याचो."

मी गाडी लागली का ते बघितलं.

"शेवटी शेवटी एक दिवस तिनं कप पाह्यले अन् म्हने, उद्या जो येईन ना, त्याले सांगा, मले उठवजो म्हना. मी जागी राह्यली तर दोघं मिळून पिऊ." नानांनी उपरणं डोक्यावरून खाली घेतलं. "तिले समजलं व्हतं का, कंट्रोलरभाऊ? का खरंच कोनी येते असं वाटे तिले? मले आजून उमजत नही."

मी म्हटलं, "समजलं असेल, नाना."

त्यांनी मान हलवली. मग मला वाटलं, आपण चुकलो. समजलं नव्हतं, असंच म्हणायला हवं होतं. तेवढ्यात गाडी लागली आणि नाना 'येतो' न म्हणता चढले. दोन्हींपैकी कोणतं उत्तर त्यांना हवं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.