रंग सरकलाय

आमचे शेजारी बाळारामकाका लग्नपत्रिका आली की आधी खिशातलं भिंग काढून ती तपासतात, मग लग्न कोणाचं ते वाचतात. तुर्भ्याच्या एका छापखान्यात ते तीस वर्षं मशीनमन होते. चारही रंग कागदावर एकमेकांवर नेमके बसले पाहिजेत, हा त्यांचा धर्म. केसभर फरक दिसला की निकाल ठरलेला: "रंग सरकलाय." बिस्किटाच्या पुड्यालाही सुटका नाही. पत्रकावर उमेदवाराचे ओठ गालावर गेले होते म्हणून एकदा त्यांनी मत फिरवलं.

आता अशा माणसाला मी सिनेमाला नेलं, ही चूक माझीच. माझ्या मुलीला, इराला, एक नवा सुपरहिरोवाला अॅनिमेशनपट बघायचा होता. असं चित्र आजवर झालंच नाही, म्हणे. बायको म्हणाली, कार्टूनसाठी मी साडी बदलणार नाही. तिकीट उरलं, काका आले.

दहाव्या मिनिटाला काका उठले. पडद्यावर मुखवटावाली पोरगी इमारतींवरून उडत होती. तिच्या अंगभर छपाईचे ठिपके, आणि लाल-निळा चक्क रेघेबाहेर. काका थेट मॅनेजरकडे. त्याने बिचाऱ्याने समजावलं की पिक्चर मुद्दामच तसा बनवलाय.

परत येऊन ते माझ्या कानाशी म्हणाले, "असं छापलं म्हनून मालकानं माझा अख्खा ढीग रद्दीत टाकला होता."

मला वाटलं, आता दोन तास हेच. पण काका पुढे झुकून, तोंड किंचित उघडं ठेवून बघत राहिले. मारामारीत इराचा हातही धरला.

पिक्चर संपला, दिवे लागले, झाडूवाले आत आले. काका हलेनात. पडद्यावर नावं वर सरकत होती, शेकडो. मी म्हटलं, काका, निघू या.

"थांबा जरा. येवढ्यांनी काम केलंय, कोनीतरी वाचाया हवं." मग हळूच म्हणाले, "आमी लाखांनी कॅलेंडरं छापली. खाली नाव प्रेसचं. आमच्यातल्या कोनाचं नाय."

इंग्रजी नावं भरभर जात होती. काका एक नाव जुळवून वाचेपर्यंत दहा निघून जात. इरा दारापर्यंत गेली होती. ती परत आली, त्यांच्या शेजारी बसली आणि एकेक नाव मोठ्याने वाचायला लागली. प्रत्येक नावाला काका मान हलवत होते.