परत येण्याचं कारण

व्हिसा आला, पण बायकोचा.

कुरियरवाला दोन पाकिटं घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा तक्रारकाकांनी आधी त्याला दोनदा बेल वाजवल्याबद्दल सुनावलं, मग त्याचं पेन नीट उमटत नाही हे त्याच्या निदर्शनास आणून दिलं, आणि मगच सही केली. काकूंच्या पासपोर्टात व्हिसा झोकात चिकटवलेला होता. काकांच्या पासपोर्टात कोरी पानं होती आणि सोबत एक कागद. मुदत संपल्यावर आपण मायदेशी परत जाल अशी आमची खात्री पटलेली नाही, असं त्यावर सभ्य भाषेत छापलं होतं.

"पाकिटं बदलली असणार," काका म्हणाले.

"फोटो तुमचाच आहे," काकू म्हणाल्या. "कपाळाला आठ्या आहेत."

काकांना खरं नाव होतं, पण ते फक्त वीजबिलावर वाचायला मिळे. तक्रारकाका हे नाव इमारतीतल्या पोरांनी ठेवलं आणि थोरांनी बिनविरोध मंजूर केलं. या गृहस्थांची एकुलती एक लेक परदेशी होती. तिचे दिवस भरत आले होते, आणि पहिलं नातवंड हातात घ्यायचं म्हणून काका गेले तीन महिने प्रवासाची तयारी करत होते. बॅगांची लांबी, रुंदी, उंची त्यांनी खिशातल्या टेपने मोजली होती. रद्दीवाल्याचा काटा घरी आणवून वजनं केली होती, आणि काटाच खोटा आहे म्हणून रद्दीवाल्याशी भांडण करून पुन्हा केली होती. विमानात कोणी कुठल्या बाजूला बसायचं, कोणी कधी झोपायचं, स्वेटर कुठल्या थांब्यावर काढायचा, सगळं ठरलेलं होतं. काकूंची तयारी म्हणजे त्यांनी चष्म्याचं घर पर्समध्ये टाकलं होतं. आणि व्हिसा त्यांना मिळाला! देवाच्या दारी न्याय असेल, पण दूतावासाच्या दारी नाही, असं काकांचं मत पडलं.

लेकीचा फोन आला. "बाबा, अर्जात असं लिहिलंत तरी काय?"

"खरं ते लिहिलं."

"अरे देवा," लेक म्हणाली.

इमारतीच्याच तळमजल्यावर व्हिसाची कामं करणाऱ्या एजंटच्या खोलीत एक खुर्ची डुगडुगत होती. तिच्या पायाखाली कागदाची घडी घालायला हवी, हे काकांनी बसण्यापूर्वीच सांगून टाकलं. एजंटने अर्जाची प्रत उघडली. अर्जासोबत काकांनी स्वतःच्या हुशारीने चार पानी पत्र जोडलं होतं, तेही एजंटला न विचारता. एजंट मोठ्याने वाचू लागला.

"आपल्या थोर देशाविषयी मला बालपणापासून नितांत आदर आहे. आमच्या इथे पाणी येतं ते उपकार केल्यासारखं, लिफ्ट चालते ती तिच्या मर्जीने, आणि शेजारी साधं बोलले तरी भांडल्यासारखं वाटतं. अशा ठिकाणी शहाण्या माणसाने का राहावं, हा प्रश्न मला रोज पडतो. आपल्या भूमीवर पाय ठेवताच माझ्या आयुष्याचं सार्थक होईल..." एजंटने पान खाली ठेवलं. "काका, तुम्ही भेटीला चाललाय की कायमचं बिऱ्हाड करायला?"

"चार गोड शब्द लिहिले तर बिघडलं कुठे?"

"एखादा पाहुणा दारात येऊन म्हणाला, तुमचं घर म्हणजे स्वर्ग आणि माझं म्हणजे उकिरडा, तर त्याला आत घ्याल?"

काकांनी विचार केला. काही न म्हणणाऱ्या पाहुण्यालाही ते आत घेत नसत. त्यामुळे त्यांना हा दाखला पटला नाही.

"त्यांना एकच गोष्ट हवी असते," एजंट म्हणाला. "परत येण्याचं कारण. नोकरी?"

"निवृत्त."

"मुलंबाळं?"

"एकच. तीच तिकडे आहे."

"काकू?"

"ती माझ्याबरोबरच येणार."

"म्हणजे तुम्हाला बांधून ठेवणारं जे काही आहे ते सगळं तिकडेच. आता काकूंचं बघा. एकच ओळ आहे. 'माझ्या शिवणवर्गातल्या मुलींची परीक्षा आहे, त्याआधी मला आलंच पाहिजे.' याला म्हणतात अर्ज!"

काकूंच्या शिवणवर्गाला काका आजवर 'वेळ घालवायचं साधन' म्हणत आले होते. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. शेजारी बसलेल्या काकूंनी पदर जरा जास्तच सावकाश सारखा केला.

"पुन्हा दाद मागता येते," एजंट म्हणाला. "मुलाखतीला बोलावतील. तोवर कुणाकडून तरी पत्र आणा. या गृहस्थांवाचून आमचं अडतं, एवढं लिहिलेलं पुरे."

एवढं! काका दुसऱ्याच दिवशी जुन्या ऑफिसात गेले. ज्या कारकुनाला त्यांनी उभी हयात टाचणी कुठे टोचावी हे शिकवलं होतं, तो आता साहेबाच्या खुर्चीत होता. त्याने उठून नमस्कार केला, चहा मागवला.

"मी गेल्यावर तुमची फार ओढाताण झाली असेल," काकांनी विषयाला हात घातला.

"पहिले आठ दिवस फार जड गेले, साहेब. चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं."

"मग?"

"मग सवय झाली. शांततेची."

काका चहा अर्धा टाकून उठले. चहात साखर कमी होती, हे मात्र सांगायला विसरले नाहीत.

उरली इमारत. सेक्रेटरींकडून साधी पावती घ्यायची तर महिना जाई, आणि ती दुसऱ्याच्याच नावाने निघे. पण काकांना परदेशी जायला पत्र हवंय म्हटल्यावर त्याच संध्याकाळी तातडीची सभा भरली आणि सकाळी दहाच्या आत पत्र हातात पडलं. टाइप केलेलं, शिक्का मारलेलं, वर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं. त्यात लिहिलं होतं, 'आमचे ज्येष्ठ सभासद परदेशी जात आहेत. त्यांच्या जाण्यास संस्थेची हरकत नाही. त्यांनी तिकडे कितीही काळ राहण्यासही संस्थेची हरकत नाही. ठराव एकमताने मंजूर.' खाली सगळ्यांच्या सह्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ, जे एकमेकांचं तोंड बघत नसत, त्यांनीही एकाखाली एक सही केली होती.

"आणखी काही घालायचं असेल तर सांगा," सेक्रेटरी हात चोळत म्हणाले. "तुमच्यासाठी काहीही."

एजंटने ते पत्र वाचून कपाळाला हात लावला.

त्या संध्याकाळी काका गॅलरीत बसून राहिले. काकू शेजारी येऊन बसल्या. "मी जाऊन येते," त्या हलकेच म्हणाल्या. "बाळाला रोज फोनवर दाखवीन तुम्हाला."

"फोनवर वजन कळतं का?" काका म्हणाले.

त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. जन्मभर ज्याने-त्याने नीट वागावं म्हणून घसा कोरडा केला, आणि आपल्यावाचून अडणारं माणूस शोधायला निघाल्यावर एकही सापडेना. डोळे भरून येणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्यांनी गॅलरीच्या कठड्याचे पोपडे उडालेत अशी तक्रार केली. काकूंनी नुसता त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

मुलाखतीच्या दिवशी एजंटने बजावून ठेवलं होतं, "काका, त्यांच्या देशाची स्तुती नको आणि आपल्या गावाची निंदा नको. माझं घर इथे आहे, माझी माणसं इथे आहेत, एवढंच म्हणा आणि तोंड मिटा." काकांनी ते वाक्य आरशासमोर घोकलं. तोंड मिटायचा सराव मात्र राहून गेला.

दूतावासाच्या हॉलमध्ये थंडी इतकी की बसलेली माणसं अर्जांनीच स्वतःला झाकून घेत होती. फलकावर टोकनांचे आकडे क्रम सोडून वाटेल तसे उमटत होते. अर्ज भरायच्या टेबलावर पेन दोरीने बांधलं होतं, आणि दोरी अशी आखूड की अर्जच उचलून पेनापाशी न्यावा लागे. काकांनी प्रत्येक वेळी तोंड उघडलं, आणि प्रत्येक वेळी काकू "हं!" म्हणाल्या. काकांनी ओठ चावले. चेहरा लालबुंद झाला.

शेवटी त्यांचा नंबर लागला. काचेपलीकडे अधिकारी बसला होता आणि त्याच्या शेजारी दुभाषीबाई. काचेला बोलण्यासाठी भोक होतं, पण ते ऐन पोटाच्या उंचीवर.

"साहेब विचारतात, तुम्ही परत का याल?" दुभाषीबाई म्हणाल्या.

काका वाक्य म्हणायला वाकले. कमरेत सणकन चमक आली, आणि घोकलेलं सगळं तिच्याबरोबर निघून गेलं.

"आधी हे सांगा, हे भोक पाडलं कुणी?"

"अहो!" काकू मागून म्हणाल्या.

"अहो काय? माणूस काय पोटाने बोलतो? एवढं मोठं सरकार, आणि भोक कुठे पाडावं ते कळू नये? तो आकड्यांचा फलक बघा. ती थंडी बघा. माणसं बोलावलीत की भाजी टिकवायला ठेवलीत?"

दुभाषीबाईंनी अधिकाऱ्याला दोन शब्दांत काहीतरी सांगितलं.

"मी एवढं बोललो आणि तुम्ही एवढंसंच सांगितलंत?"

"सारांश सांगितला."

"सारांश नको! पेनाची दोरी राहिली."

बाईंनी निमूटपणे दोरीचंही सांगितलं. अधिकाऱ्याने मान उंचावून टेबलाकडे बघितलं आणि काहीतरी टिपून घेतलं. मग त्याने काकांचं चार पानी पत्र पुढे ओढलं.

"साहेब म्हणतात, पत्रात तर तुम्ही त्यांच्या देशाचं फार कौतुक केलंय."

"ते हा हॉल बघायच्या आधी. आणि लेकीकडून तिथलं ऐकायच्या आधी. कचऱ्याला म्हणे चार-चार डबे, आणि डबा चुकला की शेजारी दारावर चिठ्ठी चिकटवून जातो. समोरासमोर दोन शब्द ऐकवायची पद्धत नाही! रात्री नळ सोडला तरी आवाज होतो म्हणतात. कुणाकडे जायचं तर आधी वेळ ठरवायची. अशा ठिकाणी कोण राहील? मला माझ्या नातवंडाला एकदा उचलून घ्यायचंय. तेवढ्यासाठी महिनाभर सोसेन. वर एक दिवस राहा म्हणालात तरी राहणार नाही."

"पण इथेही तुम्हाला काही आवडत नाही, असं तुम्हीच लिहिलंय."

"आवडण्याचा प्रश्न येतोच कुठे?" काकांचा आवाज चढला. त्यांनी पिशवीतून एक जाडजूड फाईल काढून काचेवर आपटली. "माझ्या तक्रारी चालू आहेत इथे! लिफ्टची तक्रार आधी सोसायटीकडे, मग नगरपालिकेकडे, आता त्याच्याही वर गेलीय. पुढच्या महिनाअखेर सुनावणी आहे. पाण्याचा पंप खडखडतो, ते वेगळंच. फाटक लागत नाही. जिन्यातला दिवा दिवसा जळतो आणि रात्री विझतो. मी नसलो तर या तक्रारी कोण बघणार? सेक्रेटरी तर टपूनच बसलाय!"

या वेळी दुभाषीबाईंनी सारांश केला नाही. शब्द न् शब्द सांगितला, आणि मधेमधे हातवारेही केले. अधिकारी लक्ष देऊन ऐकत होता. त्याने एकच प्रश्न विचारला.

"साहेब विचारतात, लिफ्टची तक्रार कधीपासून आहे?"

"लेक शाळेत होती तेव्हापासून."

अधिकाऱ्याने पेन उचलून अर्जावर सही ठोकली.

"व्हिसा मंजूर," दुभाषीबाई म्हणाल्या. "साहेब म्हणतात, परत जाण्याचं इतकं भक्कम कारण त्यांनी आजवरच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. मुदत महिन्याचीच आहे. वाढवून मागू नका, अशी त्यांची विनंती आहे."

बातमी इमारतीत पोचायला वेळ लागला नाही. एजंटने ती सगळ्यांना हसत-हसत सांगितली. सेक्रेटरी मात्र हसले नाहीत.

"म्हणजे," ते त्या संध्याकाळच्या सभेत म्हणाले, "काका परत येणार ते आपल्याचमुळे!"

त्यावर तिसऱ्या मजल्यावरचा थोरला भाऊ म्हणाला, "तक्रारीच नसल्या तर?" आणि धाकटा म्हणाला, "दादा बरोबर बोलतोय."

पुढच्या आठवड्यात जे घडलं ते इमारतीच्या इतिहासात घडलं नव्हतं. लिफ्टचा मेकॅनिक, जो नुसता येतो-येतो म्हणत म्हातारा झाला होता, तो दोन माणसं घेऊन आला. पंप बदलला. फाटक बोटाने ढकललं तरी लागू लागलं. दिवे दिवसा विझले, रात्री लागले. काकांनी न सांगता गॅलरीचे कठडेसुद्धा रंगवून झाले. काका रोज सकाळी फाईल घेऊन बसत आणि एकेका तक्रारीवर काट मारत. दिवसेंदिवस त्यांचा चेहरा उतरत गेला, जेवणावरची वासना गेली.

"झालं ना सगळं मनासारखं?" काकू म्हणाल्या.

"मग आता परत कशाला यायचं?" काका म्हणाले. ते थट्टेने बोलत नव्हते.

निघायच्या दिवशी सगळी इमारत निरोपाला जमली. सेक्रेटरी भला मोठा गुच्छ घेऊन थेट वर आले होते. त्यांनी स्वतः लिफ्टचं दार उघडून धरलं. आत नवा दिवा, नवा पंखा, वर एक मोठा नवा आरसा. लिफ्ट लोण्यासारखी खाली उतरत होती. काका दोन बॅगांमध्ये उदास उभे होते. आरशात त्यांना आपला चेहरा दिसला, मग चेहऱ्यामागची भिंत दिसली, आणि ते एकदम पुढे सरकले.

"हा आरसा कुणी लावला?"

"मीच लावून घेतला," सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले. "का?"

"डावीकडे कललाय."

"कुठे? सरळ तर आहे."

काकांनी खिशातून टेप काढली. डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं, पुन्हा डावीकडून मोजलं. बोटभर फरक होता. आठवडाभर काळवंडलेला चेहरा असा उजळला की काकूंनाही हसू आवरेना.

"अहो, चला आता. खाली गाडी खोळंबलीय, विमान चुकेल."

काकांनी टेप गुंडाळून जपून खिशात ठेवली. गाडीत बसल्यावर काच खाली केली आणि कधी नव्हे त्या मायेने सेक्रेटरींकडे बघितलं.

"आरशाला हात लावू नका," ते म्हणाले. "परत आल्यावर बघतो."

गाडी फाटकाबाहेर पडली. सेक्रेटरींच्या हातात गुच्छ तसाच राहिला होता.